आवाज आहे तोवरची यादी

३ मार्च, मंगळवार

जन्मभर दुसऱ्यांच्या चादरी धुतलेल्या, दुसऱ्यांचे कोट इस्त्री केलेल्या, आणि तुला स्वतःला काय हवंय असं एकदाही कुणी न विचारलेल्या माझ्या बायांनो,

ही वही खाजगी आहे हे मला ठाऊक आहे. तुमच्यातली एकही जण ती वाचणार नाही. पण समोर कुणीतरी बसलंय असं धरल्याशिवाय मला वाक्य सुचत नाही, त्याला माझा इलाज नाही.

तर आज घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी नाकातून बारीक नळी घालून माझा घसा पडद्यावर दाखवला. स्वरयंत्राच्या एका पट्टीवर गाठ आहे. लहान आहे, वेळेत सापडली आहे, जिवाला धोका नाही. चोवीस तारखेला ऑपरेशन.

"आणि आवाज?" मी विचारलं.

"आवाज येईल, मावशी. पण हा येणार नाही. कुजबुज येईल. समोरच्याला ऐकू जाईल इतपत."

"समोरच्याला म्हणजे किती जणांना?"

"एकाला. खोली शांत असेल तर दोघांना. आणि तोवर घसा जपा. भाषणं नकोत."

"मी भाषणं करते हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमची लाँड्री तळमजल्यावर, माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. कुणी कशाला सांगायला हवं?"

मला हसू आलं. उठताना त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशातलं उघडं पेन काढलं, टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, "हा कोट उद्या माझ्याकडेच येणार आहे. शाईचा डाग चार धुण्यांत जात नाही."

इस्पितळाच्या लाँड्रीत मला चौतीस वर्षं झाली. त्यातली सव्वीस मी युनियनची वक्ता आहे. एकदा सुट्टीचा भोंगा बंद पडला तेव्हा मी दारात उभी राहून हाक दिली आणि दोन्ही पाळ्यांच्या बाया बाहेर आल्या. तेव्हापासून सगळ्या मला भोंगा म्हणतात. मला ते नाव आवडतं. आई-बापानं ठेवलेलं नाव फुकट मिळालं, हे मी कमावलं.

एकवीस दिवस आहेत.

४ मार्च, बुधवार

यादी करायची ठरवली. मरायच्या आधी काय काय करायचं त्याच्या याद्या लोक करतात म्हणे. मी मरत नाहीये. माझी यादी आवाज आहे तोवरची.

अर्ध्या तासात सात कलमं झाली. पहिलं: एकोणीस तारखेची युनियनची वार्षिक सभा, पाऊण तास भाषण, कागद न बघता. दुसरं: गावातल्या सगळ्यात मोठ्या सभागृहात, जिथे आम्हाला फक्त पडदे धुवायला बोलावतात, तिथल्या मंचावरून बोलायचं. तिसरं: सार्वजनिक ग्रंथालयाच्या शांततेच्या खोलीत एक पान मोठ्यानं वाचायचं. पुढची चार याच जातीची.

मग नवऱ्याला सांगितलं. तो आमच्याच लाँड्रीचा बॉयलर सांभाळायचा, सात वर्षांपूर्वी निवृत्त झाला. मी त्याला लग्नाआधी बॉयलरवाला म्हणायचे, अजूनही म्हणते. भांडी घासता घासता, त्याच्याकडे पाठ करून, मी सगळं सांगून टाकलं. गाठ, ऑपरेशन, आवाज जाणार. तो म्हणाला, "बरं, उद्या आणतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हात न पुसता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "दिवा लाव, मग बोल." दिवा लावला. पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी तो खाली बसला आणि किती तरी वेळ माझ्या गळ्याकडे बघत राहिला.

पहिल्यांदा ऐकलं ते त्याला झेपलं नसणार. पुरुषांचं असंच असतं, नको ते कानाआड करतात.

७ मार्च, शनिवार

तिसरं कलम झालं. अभिमानानं नोंदवते.

एकोणतीस वर्षांपूर्वी याच ग्रंथालयात मी ओठ हलवत वाचत होते म्हणून तिथल्या बाबूनं मला उठवलं होतं. "ही जागा अभ्यास करणाऱ्यांची आहे," म्हणाला होता. तेव्हापासून त्या इमारतीतली अर्धी पुस्तकं मी घरी नेऊन वाचली. समुद्राच्या लाटांसमोर तोंडात खडे धरून बोलायला शिकलेल्या जुन्या वक्त्याची गोष्ट मला तिथेच भेटली. खड्यांची मला गरज पडली नाही. मला कपडे पिळायची यंत्रं होती.

आज मधल्या टेबलाशी उभी राहिले आणि राज्यघटनांच्या इतिहासातलं एक पान खणखणीत वाचलं. कुणी हाकललं नाही. पान संपल्यावर ग्रंथपाल हलकेच म्हणाली, "बाई, झालं की अजून आहे?"

"झालं."

कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, "आधीचं पानही वाचा की. मला संदर्भ लागला नाही."

मी आधीचं पानही वाचलं.

८ मार्च, रविवार

लेक आली होती. दुसऱ्या गावात एका कचेरीत नकाशे काढते. मोठ्या अभिमानानं तिच्या हातात यादी दिली. तिनं दोनदा वाचली.

"आई, ही यादी नाही. सभेची विषयपत्रिका आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे यात तू कुठे आहेस?"

"प्रत्येक ओळीत आहे. बोलणार कोण, शेजारीण?"

"बोलणारी आहे गं. तुला काय हवंय ते कुठे आहे?"

मी तिला समजावलं की मला जे हवंय ते कधीच माझ्या एकटीचं नव्हतं. लाँड्रीत वाफ बाहेर फेकणारे पंखे आले ते मी एकटीनं घाम पुसून आले नाहीत. कपड्यांतून आलेली सुई हाताला टोचली तर इलाज इस्पितळाकडे, हा नियम झाला तो बोलून झाला. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तू मला हे सगळं सभेच्या मंचावरून सांगितल्यासारखं सांगतेस. मी इथे आहे, हातभर अंतरावर."

मुलांना शिकवलं की ती अशी बोलतात. बॉयलरवाला आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होता, चेंडूचा खेळ बघावा तसा. जाताना लेक त्याच्या कानाशी काही बोलली नाही, समोर उभी राहून सावकाश बोलली. बहुधा माझी तक्रार केली असेल.

१० मार्च, मंगळवार

आज जे झालं ते चौतीस वर्षांत झालं नव्हतं आणि कुणाला सांगायची सोय नाही.

आमच्याकडे नवीन बाई आली की तिला पहिली खूण शिकवतात ती खिशाची. यंत्रं सुरू झाली की कानात काही शिरत नाही, म्हणून आमचं सगळं काम हातवाऱ्यांवर चालतं. मूठ फिरवली की यंत्र बंद कर. दोन्ही तळवे जवळ आणले की चादरीचं दुसरं टोक धर. तळहात गळ्याशी आडवा फिरवला की साहेब येतोय. आणि छातीवरच्या खिशावर दोन बोटं दोनदा आपटली की खिसा बघ. कोटांच्या खिशांत काय काय येतं, सुया, काचेच्या कुप्या, कात्र्या. माझ्या डाव्या तळव्यावर व्रण आहे तो न बघितलेल्या एका खिशाचा. गेल्या तीस वर्षांत मी किती जणींना ही खूण शिकवली असेल. खिसा न बघता कपडा यंत्रात टाकणारी बाई माझ्यासमोर दुसऱ्यांदा उभी राहत नाही.

आणि आज मी माझा स्वतःचा एप्रन खिसा न बघता यंत्रात टाकला. यादी त्यात होती.

घडीच्या टेबलावरची माझी जुनी मैत्रीण, जिला सगळ्या घडीवाली म्हणतात, तिनं लगद्याचा गोळा माझ्यासमोर ठेवला.

"हे काय होतं गं, भोंग्या?"

"माझं आयुष्य."

"स्वच्छ निघालंय हो," ती म्हणाली आणि उशीचा पुढचा अभ्रा घडी घालायला घेतला.

तिच्या जिभेला हाड नाही.

११ मार्च, बुधवार

यादी पुन्हा लिहायला बसले. पहिली तीन कलमं आठवली. पुढची चार काही केल्या आठवेनात. चार कलमं, ज्यांच्याशिवाय मी जगणार नव्हते, ती आठवडाभरात पुसली गेली. याचा अर्थ काय लावायचा ते मी इथे लिहीत नाही.

कोरा कागद बघत बसले. मग हातानं आपोआप लिहिलं:

मला पाण्यात तरंगायचंय. चौतीस वर्षं कोपरापर्यंत पाण्यात आहे, गळ्यापर्यंत एकदाही गेले नाही.

लिहून झाल्यावर मी इकडेतिकडे बघितलं. कुणी बघत तर नाही ना, अशी. इतकी लाज मला हजार लोकांसमोर बोलताना वाटली नव्हती.

दुसरं: मला लेकीला अंगाई म्हणायची आहे. ती झोपायची तेव्हा मी दुसऱ्या पाळीला असायचे, नाहीतर सभेला. तिला बॉयलरवाल्यानं झोपवलं. आता ती एकतीस वर्षांची आहे.

तिसरं: मला बॉयलरवाल्याला विचारायचंय की माझी भाषणं त्याला कशी वाटतात. प्रत्येक सभेला येतो, पहिल्या रांगेत बसतो, माझ्यावरून नजर काढत नाही. पण सव्वीस वर्षांत एक शब्द बोलला नाही. विचारायचं धाडस मला झालं नाही. हेही आजच कळतंय.

सभेचं भाषण मात्र या सगळ्यांच्या वर, क्रमांक न घालता, ठेवलंच. माणसानं अगदीच वाहवत जाऊ नये.

१४ मार्च, शनिवार

लेकीला फोन केला. म्हटलं, ऐक, मध्ये बोलू नकोस. आणि अंगाई म्हटली, दोन्ही कडवी. घसा मध्येच फाटत होता, सूर तर माझ्या वाटेला कधी आलाच नाही.

मग ती म्हणाली, "आई, ही अंगाई नव्हती. घोषणा होती."

"झोप आली का?"

"दुपारचे चार वाजलेत." आणि बराच वेळ नाक ओढत राहिली. सर्दी झाली असावी. तिकडची हवाच दमट. म्हटलं वाफ घे. ती म्हणाली, "पुन्हा म्हण." पुन्हा म्हटली.

खूण केली. दुसरं कलम पुरं.

१७ मार्च, मंगळवार

आवाज गेला. सकाळी उठले, हाक मारायला तोंड उघडलं आणि हवा आली नुसती.

डॉक्टरीणबाईंनी बघितलं. म्हणाल्या, सूज आहे, ऑपरेशनपर्यंत एक शब्दही नाही. मी कागदावर लिहिलं: एकोणीस तारीख. त्यांनी त्याच कागदावर लिहिलं: नाही. मी लिहिलं: तुम्ही बोलू शकता, तुम्ही कशाला लिहिताय? तेव्हा त्या हसल्या, पण नाहीचं हो झालं नाही.

घडीवाली घरी आली. "तुझं भाषण मी वाचून दाखवते."

मी लिहिलं: तू पत्त्यावरचा पिनकोड वाचल्यासारखी वाचतेस.

"मग राहू दे. सभा पुढे ढकलू."

सव्वीस वर्षांत सभा पुढे ढकलली नाही. संपात नाही, महापुरात नाही. मी मान हलवली. ती गेल्यावर दिवसभर रडले नाही, एवढं नोंदवून ठेवते. भाताचं झाकण काढताना डोळ्यांत वाफ गेली होती, ती वेगळी.

बॉयलरवाला मात्र आज कमालीचा बोलका झालाय. मी हातानं काही दाखवलं की त्याला चटकन कळतं. मीठ, दार, गोळ्या, सगळं. दिवसभरात एकदाही चुकला नाही. इतर दिवशी एक सांगितलं तर दुसरं आणतो. माझ्या आजारपणानं त्याचं लक्ष ताळ्यावर आलेलं दिसतंय.

१९ मार्च, गुरुवार

सगळं क्रमानं लिहिते, कारण हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण होतं.

दुपारी दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत, इस्त्रीच्या हॉलमध्ये सभा. यंत्रं बंद. दीडशे बाया, साठेक पुरुष, मागे इस्पितळाचे दोन साहेब खुर्च्यांवर. पहिल्या रांगेत बॉयलरवाला. घडीवालीनं माझ्या आजाराचं सांगितलं आणि म्हणाली, "तरी ती दोन मिनिटं उभी राहणार आहे. टाळ्या वाजवा आणि चहाला चला."

मी उभी राहिले. हातात पाऊण तासाच्या भाषणाचा कागद. तोंड उघडलं. हवा. पुन्हा उघडलं. हवा. दीडशे बाया खाली बघायला लागल्या. माझ्या बाया मला बघून खाली बघतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

तेव्हा बॉयलरवाल्यानं बसल्या जागेवरून मूठ फिरवली. यंत्र बंद कर. आणि बोटानं कागद दाखवला.

मी कागद खाली ठेवला आणि हात वर केले.

पहिल्यांदा डावा तळवा दाखवला, व्रण असलेला. मग तळवे जवळ आणले: दुसरं टोक धर. ते सव्वीस वर्षांचं सांगणं होतं, एका हालचालीत झालं. मग मागे खुर्च्यांकडे बघून तळहात गळ्याशी फिरवला, साहेब येतोय. हॉलभर हशा उसळला. एका साहेबानं शेजारणीला विचारलं, "काय म्हणाल्या?" ती म्हणाली, "यंत्रं चालू असताना खाली येत जा, म्हणजे कळेल."

मग मी छातीवर दोन बोटं दोनदा आपटली. खिसा बघ. बोट वरच्या मजल्यांकडे केलं, डॉक्टरांकडे, रोग्यांकडे, आणि पुन्हा खिसा बघ. साहेबांकडे बोट, खिसा बघ. घराच्या दिशेनं बोट, नवऱ्याचा सदरा, मुलांची दप्तरं, खिसा बघ, खिसा बघ. बाया माना हलवत होत्या. मग मी थांबले. माझ्याच एप्रनवर दोन बोटं आपटली, खिशात हात घातला आणि खिसा उलटा करून बाहेर ओढला.

रिकामा.

मग तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली. तिनं आपला खिसा बाहेर ओढला. रिकामा. मग तिच्या शेजारची. मग घडीवाली, जिनं माझं आयुष्य लगदा करून माझ्यासमोर ठेवलं होतं. दीडशे पांढरे उलटे खिसे. हॉलमध्ये एवढी शांतता मी कधीही बोलून करू शकले नव्हते.

वेळ लागला साडेसहा मिनिटं. पाऊण तासाच्या भाषणात मी नेमकं काय सांगणार होते ते आता आठवत नाही.

२० मार्च, शुक्रवार

काल घरी आल्यावर तिसरं कलम काढलं. कागदावर लिहिलं: माझी भाषणं तुला कशी वाटतात? आणि त्याच्यासमोर सरकवलं.

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाला, "आजचं सगळं कळलं."

मी लिहिलं: आणि आधीची?

"आधीची पण चांगलीच होती. म्हणजे दिसायला." मग म्हणाला, "बॉयलरनं कान खाल्ले गं. निवृत्त झालो त्याच्या आधीच एक गेला होता. दुसरा गेल्याला सहा वर्षं झाली. समोर असलीस की ओठांवरून कळतं. पाठ केलीस की संपलं."

सहा वर्षं. मी लिहिलं: मग सभेला कशाला यायचास?

"तू बोलताना बघायला. पहिल्या रांगेतनं सगळं दिसतं. कुठे चिडलीस, कुठे विसरलीस, कुठे खोटं बोललीस."

मी लिहिलं: मी खोटं कधी बोलले?

"घसा दुखत नाही म्हणालीस. गेल्या वर्षी, पावसाळी सभेत."

लेकीला माहीत होतं म्हणे. घडीवालीलाही माहीत होतं. सगळ्या गावाचे कान उघडायला निघालेल्या बाईला तिच्या घरातले कान कळले नाहीत. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं. राहू दे.

मग मी मूठ फिरवली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. संध्याकाळभर आम्ही हातांनी बोललो. त्याच्या खुणा अजून बॉयलरखोलीतल्या आहेत, ढोबळ, पण नेमक्या. मी एवढ्या वर्षांत त्याला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. आणि मला अडवून बोलतो, हेही पहिल्यांदा कळलं.

२३ मार्च, सोमवार

उद्या सकाळी ऑपरेशन. डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटं बोलायची परवानगी दिली, हलक्या आवाजात. जुन्या आवाजाची शेवटची पाच मिनिटं. लेक आली आहे, तिनं विचारलं, "काय बोलणार? काही ठरवलंस का?"

ठरवलं होतं. एक सुंदर परिच्छेद तयार होता. पण दिवा लावला, बॉयलरवाल्यासमोर बसले आणि म्हणाले, "मी बरी झाले की तू कानांच्या डॉक्टरकडे यायचंस. तुझ्या यादीतलं हे पहिलं कलम."

"माझी कुठे यादी आहे?"

"कागद घे."

त्यानं घेतला. लेक हसत हसत डोळे पुसत होती. या खेपेला मी तिला वाफ घ्यायला सांगितलं नाही. चार मिनिटं उरली होती, ती अंगाईला दिली.

डॉक्टरीणबाई म्हणतात, जखम भरली की दोन महिन्यांनी पाण्यात उतरता येईल. गळ्यापर्यंत. लेकीनं तलावाची वेळ विचारून ठेवली आहे. मी सभेत बोलायला कधी घाबरले नाही, याला मात्र घाबरतेय, आणि त्याचा मला अभिमान वाटतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी नवी भीती मिळवणं सोपं नाही.

आता तुमच्याकडे येते, बायांनो. ही पानं मी उद्या घडीवालीकडे देणार आहे. खाजगी वगैरे जे म्हटलं होतं ते मागे घेते. तिनं पिनकोडासारखी वाचली तरी चालतील, तुम्हाला मी कशी बोलले असते ते माहीत आहे.

त्या दिवशी तुम्ही दीडशे खिसे उलटे करून दाखवलेत. ते तसेच आत घालून कामाला लागू नका. आज घरी गेल्यावर एक कागद घ्या. त्यावर एकच ओळ लिहा, 'मला' या शब्दानं सुरू होणारी. मुलांचं त्यात नको, नवऱ्याचं नको, घराचं नको, युनियनचं सुद्धा नको. लाज वाटेल. वाटली तर ओळ बरोबर आहे असं समजा. तो कागद एप्रनच्या खिशात ठेवा आणि उद्यापासून रोज कामावर घेऊन या.

मी परत आल्यावर बोलणार नाही. तुमच्यासमोर उभी राहीन आणि दोन बोटं छातीवर दोनदा आपटेन.

खिसा रिकामा निघता कामा नये.